करवंटीतली नाचणी आणि व्हिएन्नाचं तिकीट

पत्र थोडक्यात: वसईकडचं ख्रिस्ती कुटुंब, आता पुण्यात. पत्र लिहिणाऱ्या बाई आणि त्यांचा नवरा दोघंही नोकरी करतात. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेतीन वर्षांचा. नाताळ दर वर्षी वसईला सासरी होतो. अंगणातला येशूजन्माच्या देखाव्याचा बांबू-गवताचा गोठा सासरे बांधायचे, नवरा त्यांच्या हाताखाली असायचा. यंदा नवऱ्याने ठरवलंय की मुलांना 'एकदा तरी खरा ख्रिसमस' दाखवायचा. 18 ते 30 डिसेंबर, पॅरिस, स्ट्रासबर्ग, म्युनिक, प्राग आणि व्हिएन्ना. तिकिटं अजून काढलेली नाहीत. सासूबाई 66 वर्षांच्या, गुडघे दुखतात. बेत कानावर गेल्यापासून त्या गप्प आहेत. 'जा की, मी आहे आणि भिंती आहेत,' एवढंच म्हणाल्या. सासू-सासऱ्यांनी पवित्र भूमीच्या यात्रेसाठी पासपोर्ट काढले होते, पण ते जाणं राहूनच गेलं. मुलगी विचारते, नाचणी कोण पेरणार? बाळ येशूला कोण ठेवणार? बाईंना जायचंय, पण अपराधी वाटतं. 'आमचा काही हक्क आहे की नाही? आणि एवढ्या लहान मुलांना घेऊन नाताळात परदेशी जाणं शहाणपणाचं आहे का?' शेवटी कंसात एक ओळ: (सासरे या मार्चमध्ये गेले.)

तुमचं पत्र मला दोनदा वाचावं लागलं. पहिल्या वेळी प्रवासाचं पत्र म्हणून वाचलं आणि मनातल्या मनात स्वेटर, व्हिसा, तापाचं औषध अशी यादी सुरू केली. मग कंस आला आणि पुन्हा पहिल्या ओळीवर जावं लागलं. कंसाकडे येतेच. आधी तुम्ही सोबत जोडलेला तक्ता घेऊ, कारण त्यातला एक दिवस तुमचा नाताळ बुडवणार आहे, आणि ही चूक तुमच्यासारखे पुष्कळ जण करतात.

तक्त्यात लिहिलंय: '24 डिसेंबर: दुपारी प्रागहून ट्रेन, संध्याकाळी व्हिएन्ना, चेक-इन, मार्केट, जेवण, मिडनाइट मास.' आपल्याला 24 ची रात्र म्हटलं की वसईची रात्र आठवते. दारोदारी तारे लागलेले, रस्ते जागे, पोरं नव्या कपड्यांत एका गोठ्यावरून दुसऱ्या गोठ्यावर फिरतायत. त्यामुळे आपण धरून चालतो की युरोपात याच्या दहापट असेल. तिथे नेमकं उलटं असतं. ऑस्ट्रिया, जर्मनी, चेक प्रजासत्ताक इथे 24 ची संध्याकाळ घरची, दार लावून, जवळच्या माणसांची. चेकमध्ये मोठी दुकानं 24 ला दुपारी बारालाच बंद करायची असा कायदा आहे. ऑस्ट्रियात दोनपर्यंत. 25 आणि 26 दोन्ही दिवस सुट्टी. म्युनिकच्या मरीएनप्लाट्झ चौकातला बाजार 24 लाच उठतो, स्ट्रासबर्गचाही बहुतेक वर्षी. व्हिएन्नातला टाउनहॉलसमोरचा बाजार 26 पर्यंत असतो खरा, पण 24 च्या संध्याकाळी तोही लवकर आवरतो. ट्रॅम धावतात, पण तुरळक.

तर तुम्ही चौघं सात वाजता बॅगा ओढत हॉटेलवर पोचणार. रस्त्यावर चिटपाखरू नाही, खिडक्याखिडक्यांतून दिवे दिसतायत आणि धाकटा वरणभात मागतोय. बहुतेक हॉटेलं त्या रात्री ठरलेलं भारी जेवण देतात, आणि त्याच्या जागा कधीच्या भरलेल्या असतात.

माझी मुलगी चार वर्षांची असताना आम्ही 25 डिसेंबरला लंडनमध्ये होतो. राहायला शहराच्या एका टोकाला, जेवायला दुसऱ्या टोकाला, नवऱ्याच्या मावसभावाकडे. नटूनथटून भुयारी रेल्वेच्या स्टेशनावर गेलो तर जाळीचं दार ओढलेलं. बस नाही, रेल्वे नाही. नाताळच्या दिवशी लंडनची सार्वजनिक वाहतूक बंद असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं. टॅक्सीचा भाव ऐकून नवरा म्हणाला, चालू. चाललो. मोठं दुकान एकही उघडं नाही, कारण तिथे 280 चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला त्या दिवशी उघडायला कायद्यानेच बंदी आहे. शेवटी कोपऱ्यावरच्या एका चिमुकल्या दुकानात ब्रेड, केळी आणि वेफर्सची पुडी मिळाली. बसच न येणाऱ्या बसथांब्यावर बसून आम्ही ती खाल्ली. मुलगी आता कॉलेजात आहे. लंडनमधलं तिला ती केळी तेवढी आठवतात.

आता 'खरा ख्रिसमस'. हा शब्द नवऱ्याचा, पण पत्रात तो तुम्हीही तीनदा वापरलाय आणि अवतरणचिन्हं घालायला विसरलाय. वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली 1534 साली. 'सायलेंट नाइट' पहिल्यांदा गायलं गेलं 24 डिसेंबर 1818 ला, साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये. सजवलेलं झाड व्हिएन्नातल्या घरांत शिरलं तेही साधारण त्याच सुमाराला. म्हणजे ज्याला आपण 'खरा' म्हणतो, त्यातलं निम्मं सामान जन्माला आलं तेव्हा तुमच्या सासरच्या गावांत नाताळ होऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली होती. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, नाताळ राहिला. तेव्हा मुलांना 'ऑस्ट्रियातला नाताळ दाखवू' म्हणा, खुशाल दाखवा, बघण्यासारखा आहेच. पण वसईतला खोटा आणि तिकडचा खरा हे सात वर्षांच्या मुलीच्या कानावर नको. ती आजीकडे बघून ते वाक्य पडताळून पाहील.

बर्फाचंही सांगून ठेवते. व्हिएन्नात नाताळला बर्फ मिळेलच असं नाही. बहुतेक वर्षी मिळतो तो ओला, करडा गारठा, शून्याच्या दोन-चार अंश वर. ज्या चित्रावर भाळून तुम्ही निघालाय ते चित्र तिथेही क्वचितच असतं.

तुमच्या पत्रात पाच शहरं आहेत, अकरा प्रेक्षणीय स्थळं आहेत, पण जीव आहे तो मुलीच्या प्रश्नात. जे वाचक वसई-गोव्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून नाताळच्या आठ-दहा दिवस आधी करवंटीत नाहीतर ताटलीत माती घालून नाचणी, गहू किंवा भात पेरतात. रोज पाणी शिंपडायचं. 24 पर्यंत चार बोटं कोंब वर येतात, आणि त्या करवंट्या मातीच्या मेंढरांमागे मांडल्या की शेत तयार. तुमच्या लेकीकडे हे खातं आहे. पाणी घालणं तिचं, कोंब मोजणं तिचं, मध्यरात्रीच्या मिस्साहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) परत आल्यावर पेंगुळल्या डोळ्यांनी बाळ येशूला गव्हाणीत ठेवणंही तिचंच. आणि तक्त्यात तिला बारा दिवस काम काय, तर बघणं. तिसऱ्या बाजारात ती 'कंटाळा आला' म्हणणार. मग तुम्ही म्हणणार, एवढा खर्च केला आणि हिला किंमत नाही. भांडण तिथेच, लाकडी खेळण्यांच्या दुकानासमोर.

गंमत अशी की तिचं हे खातं युरोपातही चालतं. क्रोएशिया आणि हंगेरीत 13 डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी, ताटलीत गहू पेरतात आणि नाताळपर्यंत वाढवतात. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात हेच 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी करतात. ऑस्ट्रियात त्याच दिवशी चेरीची फांदी घरात आणून पाण्यात ठेवतात, नाताळला तिला फुलं यावीत म्हणून. हे लेकीला सांगाच. आजीला तिनेच सांगू दे.

आणि आता कंस.

हा त्या घरातला सासऱ्यांशिवायचा पहिला नाताळ. तुम्ही ही गोष्ट कंसात का घातलीत ते तुम्हाला ठाऊक. मला मात्र वाटतं, तुमच्या घरात चाललेला वाद या कंसाबद्दलच आहे, फक्त तो तिकिटांवरून घातला जातोय. पत्रात नवरा हट्टी दिसतो आणि सासूबाई अडून बसलेल्या. मला तसं दिसत नाही. 'आजवर यांनी कधी परदेशाचं नावही काढलं नव्हतं,' हे तुम्हीच लिहिलंय. मग यंदाच का? यंदा अंगणात बांबू घेऊन बसायची पाळी कुणाची आहे? हा माणूस व्हिएन्नाला निघालाय की त्या अंगणातून निघालाय?

माझा अंदाज चुकीचाही असेल. विचारून बघा. तिकिटांच्या किमती उघडून बसलेला असताना विचारू नका. गाडी चालवत असेल तेव्हा, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही अशा वेळी. 'तुला यंदा वसईला नकोच वाटतंय का?' एवढं विचारून गप्प राहा. खंडाळ्यापर्यंत गप्प राहावं लागलं तरी राहा.

सासूबाईंनी 'जाऊ नका' म्हटलेलं नाही, हेही बघा. त्यांनी भिंतींचा उल्लेख केला. त्यांना नाताळ हवाय की त्या रात्री घरात माणूस हवंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखवट्याच्या वर्षात सण साधाच करायचा असं त्यांच्याही मनात असेल. आणि त्यांना 'तुम्हीही चला' असं कुणी म्हटलंय का? पत्रात कुठे सापडलं नाही. गुडघे, थंडी, चालणं, जेवणाचे हाल, हे सगळं तुम्ही दोघांनी त्यांच्या वतीने ठरवून टाकलंय. ज्या बाईने साठीच्या आसपास नवऱ्याबरोबर पासपोर्ट काढून घेतला, तिला प्रवास नको असेल असं कशावरून? नाही म्हणायचं असेल तर त्या म्हणतील. पण तो नकार त्यांचा असू दे.

हक्काचं विचारलंत. हक्क आहे, पूर्ण आहे. दर वर्षी नाताळ सासरीच झाला पाहिजे असं कुठल्याही ग्रंथात लिहिलेलं नाही, आणि पुढच्या वर्षी तुम्ही हेच पत्र पाठवलंत तर मी अर्ध्या पानात उत्तर देईन: जा, मजा करा. यंदाचं वर्ष वेगळं आहे, एवढंच.

मग करायचं काय? माझा कल सांगते. 25 वसईला करा, साधा करा, आणि 26 च्या रात्री मुंबईहून निघा. परत या 6 जानेवारीच्या आगेमागे. नाताळ 25 ला संपतो ही बाजाराची समजूत. चर्चच्या दिनदर्शिकेत तो तिथून सुरू होतो आणि बाळ येशूला बघायला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत तरी चालतोच. अलीकडच्या वर्षांत प्रागच्या जुन्या चौकातला बाजार आणि व्हिएन्नातला शोनब्रुन राजवाड्यासमोरचा बाजार 6 जानेवारीपर्यंत चालू असतो (तारखा त्या वर्षीच्या बघून घ्या). झाडं उभी, दिवे लागलेले, गर्दी निवळलेली. शिवाय ऑस्ट्रियात त्या दिवसांत शाळकरी मुलं तीन राजांचा वेश करून, काठीवर तारा घेऊन घरोघर गात फिरतात, दानासाठी पैसे गोळा करतात आणि दाराच्या चौकटीवर खडूने त्या वर्षाचे आकडे आणि सी, एम, बी ही अक्षरं लिहून जातात. तारा घेऊन गात फिरणारी मुलं बघून तुमची लेक परकी वाटून घेणार नाही.

तोटेही आहेत. शाळा चार-पाच दिवस बुडेल. बुडू द्या, दुसरीतला गुणाकार जानेवारीभर पुरतो. 31 च्या रात्री व्हिएन्नाच्या मध्यात फटाके आणि तुफान गर्दी असते, साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे जायचं नाही. हॉटेलं त्या आठवड्यात महाग. आणि सगळ्यांत मोठा तोटा असा की तुमच्या नवऱ्याला त्या अंगणात बसावंच लागेल. तो 'जमणार नाही' म्हणाला तर त्यालाही मान आहे. मग 24 बाहेरच करा, पण सासूबाईंना घेऊन. आणि त्या येत नसतील, तर त्या रात्री त्या कुणाकडे असतील हे त्यांनी स्वतः ठरवल्यावर. 'नणंद बघेल' हे उत्तर तुम्ही परस्पर देऊ नका.

इथून पुढचं सगळ्यांसाठीच. दर सप्टेंबरात मला अशी पत्रं येतात, त्यातली बरीच ख्रिस्ती नसलेल्या घरांतून: मुलं लहान आहेत, ख्रिसमस मार्केट बघायचंय, कसं करू?

शहरं कमी करा. बारा दिवसांत पाच म्हणजे मुलांच्या आठवणीत पाच रेल्वे स्टेशनं. दोन पुरेत, धाकटं चारच्या आत असेल तर एकसुद्धा. 23 ते 27 एकाच जागी राहा आणि ती जागा स्वयंपाकघर असलेली घ्या. वाणसामान 23 ला भरा. 24 ची सकाळ हाताशी आहे असं समजू नका, तेव्हा सगळं शहर दुकानात असतं. दूध, अंडी, ब्रेड, तांदूळ, केळी, दोन दिवसांचं काहीतरी गरम. काही विसरलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनातलं एखादं दुकान सुट्टीलाही उघडं असतं, पण तिथली रांग बघून उपास बरा वाटेल.

इथून नेताना एक लक्षात ठेवा: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याच्या करंज्या, डुकराचं लोणचं, सगळं विमानतळावर कचऱ्यात जाईल. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या भुकटीला सूट आहे. कुलकुल (नाताळचा तळलेला गोड खाऊ) न्या, ती बिस्किटांत धरतात. सुक्या मासळीला 20 किलोपर्यंत मुभा आहे, पण बॅगेतल्या बाकी कपड्यांवर दया करा. पेरायचं बी मात्र सर्टिफिकेटशिवाय चालत नाही, म्हणून नाचणी नेऊ नका.

वेळेचा फरक साडेचार तासांचा आहे. पुण्यात साडेसातला उठणारी मुलं व्हिएन्नात पहाटे तीनला टक्क जागी होतील. पहिले तीन दिवस याच्याशी भांडू नका, याचा फायदा घ्या. डिसेंबरअखेर तिथे सूर्य चारच्या सुमाराला मावळतो. चारला बाजारात जा, दिवे लागताना बघा, साडेपाचला जेवण, सातला झोप. 'रात्रीचं मार्केट' म्हणजे दहा वाजताच असायला हवं असं थोडंच आहे? पाचलाच मिट्ट काळोख असतो. बाजारात मुलांसाठी 'किंडरपुन्श' मागायचं, ते बिनदारूचं फळांचं गरम पेय. शेजारच्याच पातेल्यात वाइन असते आणि कप सारखेच दिसतात, तेव्हा देण्याआधी एक घोट स्वतः घ्या. कपासाठी अनामत घेतात, कप परत दिला की पैसे परत. कप परत करायचं काम मुलीला द्या. बघा ती किती गंभीरपणे करते.

साडेतीन वर्षांच्या मुलासाठी बाबागाडी न्या. 'एवढा घोडा झालाय' असं कुणी म्हणेल, म्हणू द्या. दगडी फरसबंदीवर चालून थकलेला घोडा तुमच्याच कडेवर येणार आहे, चार थरांच्या कपड्यांसकट. बूट एक नंबर मोठे घ्या, आत लोकरीचे मोजे, आणि बूट पाणी न शिरणारे. हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक हरवतो. गर्दीत शिरण्याआधी त्या दिवसाच्या कपड्यांतला मुलांचा फोटो काढून ठेवा आणि मनगटावर आतल्या बाजूने पेनाने तुमचा फोन नंबर लिहा. औषधं इथूनच, वजनाप्रमाणे डोस डॉक्टरांकडून लिहून घेऊन. सुट्टीत औषधाची बहुतेक दुकानं बंद असतात, फक्त पाळीवरची उघडी. ऑस्ट्रियात तब्येतीच्या सल्ल्यासाठी 1450 हा नंबर आहे, तातडीसाठी युरोपभर 112.

24 लाच तिथे असाल तर मध्यरात्रीच्या मिस्साचा नाद सोडा. तिथे बऱ्याच चर्चमध्ये 24 च्या दुपारी, तीन-चारच्या सुमाराला, खास मुलांची प्रार्थना असते, 'किंडरमेटे' म्हणतात. मुलं गोष्ट नाटकासारखी करून दाखवतात, रडणाऱ्या पोराकडे कुणी वळून बघत नाही. जर्मन कळलं नाही तरी गोष्ट तुमच्या मुलांना पाठ आहे. मग घरी या. वसईत मध्यरात्रीच्या घंटा वाजतील तेव्हा तुमच्याकडे साडेसात झालेले असतील. फोन लावा, आजी चर्चच्या अंगणात असेल, आवाज ऐकू येईल. मग तिने तिकडे आणि लेकीने इकडे, एकाच वेळी, बाळाला ठेवायचं. गोठा म्हणून काड्यापेटी पुरते. बाळ येशूची मूर्ती मोज्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत न्या, चेक-इन केलेल्या बॅगेत नको, बॅग हरवली तर मुलीला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी काय उघडं असेल? शोनब्रुनचं प्राणिसंग्रहालय. 1752 पासूनचं, जगातलं सगळ्यांत जुनं चालू असलेलं, आणि वर्षाचे सगळे दिवस उघडं. 25 ला दुसरा कुठला बेत आखूच नका.

'सांता आपल्याला शोधेल कसा?' हा प्रश्नही बऱ्याच पत्रांत असतो. ऑस्ट्रियात सांताचा प्रश्नच येत नाही. तिथे भेटी बाळ येशूच आणतो, 24 च्या संध्याकाळी, आणि घंटा वाजवून दिसेनासा होतो. चेकमध्येही तसंच. स्पेनमध्ये भेटी आणतात तीन राजे, 6 जानेवारीला. इटलीत त्याच सुमाराला बेफाना नावाची म्हातारी झाडूवर बसून येते. मुलांना हे आधी सांगा, त्यांना ही भानगड फार आवडते. भेटवस्तू लहान घ्या आणि कागदात बांधून नेऊ नका, सुरक्षा तपासणीत फाडून बघतात. कागद आणि रिबिन वेगळी न्या.

फिनलंडमधल्या लॅपलँडला, सांताच्या गावाला जाऊ का, म्हणून तिघींनी विचारलंय. मुलं सहाच्या पुढची असतील तर जा. तिथल्या रोव्हानिएमी शहरात डिसेंबरअखेर दिवसाचा उजेड दोन-सव्वादोन तासांचा, आणि थंडी उणे तीसपर्यंत जाऊ शकते. तीन वर्षांच्या मुलाला कपडे चढवून होईतो अंधार पडलेला असतो.

आणि व्हिसा. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण डिसेंबरसाठी दसऱ्याच्या आधीच अपॉइंटमेंट घ्या. जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज. फी मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45, सहाच्या आत माफ. विमा किमान 30,000 युरोंचा. तुमच्या नव्या बेतात तीन अर्ज पैशाचे आणि एक फुकटचा.

चौथा पैशाचा अर्ज भरायचा की नाही, ते या रविवारी वसईला जाऊन ठरवा. सासूबाईंना पासपोर्ट शोधून ठेवायला सांगा. शेंगेनला तो दहा वर्षांच्या आत काढलेला लागतो, आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा. कशाला हवाय, असं त्या विचारतील.